रांगेत थांबलेला

इफ्तारच्या वेळी पोर्ट सईदमध्ये कोणी कोणाला फोन करत नाही. सूर्य बुडायच्या सुमाराला रस्ते ओस पडतात. चौकाचौकांत उभी असलेली मुलं शेवटच्या गाड्यांच्या खिडक्यांतून खजूर आणि पाण्याची पाकिटं आत टाकतात, मग तीही घरी पळतात. तोफेचा आवाज होतो आणि सगळं शहर एकाच वेळी जेवायला बसतं. कालव्यावरची फेरीबोटसुद्धा तेवढा वेळ धक्क्याला लागून राहते. आमच्या कंपनीत यंत्रांची जी कामं फोन बंद ठेवून करावी लागतात, ती आम्ही रमजानपर्यंत राखून ठेवतो आणि नेमक्या या वेळी उरकतो. कोणाची तक्रार येत नाही.

राउटरमध्ये नवं सॉफ्टवेअर चढवायचं काम मी असंच राखून ठेवलं होतं.

आमची कंपनी जहाजांचं काम बघते. कालव्यात शिरण्यासाठी जहाजं थांबली की त्यांची कागदपत्रं, पाणी, भाजी, माणसांची ने-आण, सगळं आमच्याकडे. फोन सतत वाजत असतात. आजवर फोनांसाठी भिंतीएवढं वेगळं कपाट होतं; नव्या सॉफ्टवेअरमुळे तेच काम राउटर करणार होता. शिवाय बरंच काही नवीन मिळणार होतं. प्रत्येक फोनवर सगळ्यांच्या नावांपुढे बारीक दिवे: हिरवा म्हणजे फोन जोडलेला आहे, तांबडा म्हणजे माणूस बोलतो आहे. कोणी फोन उचलला नाही तर निरोप आवाजासकट मेलमध्ये. ऑफिसचा फोन घरी नेऊन जोडला तरी तो ऑफिसचाच राहणार. आणि रांग.

रांगेचा आग्रह मॅडम इजलालचा, आमच्या व्यवस्थापिकेचा. "बाशमुहंदिस," त्या मला म्हणाल्या. आमच्याकडे इंजिनियरला असंच म्हणतात. "फोन बिझी आहे असं कोणालाही ऐकू येता कामा नये. थांबू दे सगळ्यांना, पण रांगेत. कोणी उचलेपर्यंत लाइन सोडायची नाही."

"वाहवा," लाँच चालवणारा सारंग बयूमी दारात उभा राहून म्हणाला. "पावासाठी रांग होती, गॅससाठी रांग होती, आता बोलायलाही रांग. आणि हे दिवे कसले? मी जागेवर नसलो की दिवा सांगणार? हे सॉफ्टवेअर आहे की माझी बायको?"

मॅडम हसल्या. मीही हसलो. माझा भाऊ नशात, तो गेल्यानंतर मी ऑफिसात पहिल्यांदाच हसलो असेन.

नशात माझ्याहून धाकटा. तो याच कंपनीत होता. लाँचने जहाजांवर कागद घेऊन जायचा. त्याआधीच्या हिवाळ्यात वायव्येचा वारा सुटलेला असताना जहाजाच्या शिडीवरून त्याचा पाय सरकला. बयूमीने दिवस मावळेपर्यंत लाँच फिरवली, नंतर सरकारी बोटी आल्या. नशात सापडला नाही.

आईने शोकसभेचा तंबू घालू दिला नाही. चाळिसाव्या दिवसाचं कुराणपठणही नाही. "माती कुठे आहे, रऊफ?" एवढंच ती मला विचारायची. "माती दाखवा, मग मी रडते." तिला एकच हवं होतं, हातांनी मूठभर माती टाकता यावी. त्याशिवाय तिचं जेवणही धड होत नव्हतं. दर संध्याकाळी ती तिसरं ताट मांडायची.

नशातची एक सवय होती. जेटीवर कंपनीची एक लहान खोली आहे, तिथे त्याचा फोन होता. रमजानात लाँचवरून उतरला की तो तिथून घरी फोन करायचा. "आई, सूप विस्तवावर ठेव, मी आलोच." बाकी काही नाही. आमचं घर कालव्यापलीकडे, पोर्ट फुआदमध्ये, फेरीच्या धक्क्यासमोर. त्याचा फोन आला की आई मसुरीचं सूप गरम करायला घ्यायची आणि फेरी यायच्या आत वाटी भरून तयार असायची.

जेटीवरच्या त्या खोलीत वादळात पाणी शिरलं होतं. नशातचा फोन मीच तिथून काढून आणला आणि ऑफिसच्या कपाटात ठेवला. त्याच्या बटणांमध्ये मीठ वाळलं होतं. राउटरमधून त्याचा नंबर काढायला मात्र माझा हात धजला नव्हता.

त्या संध्याकाळी ऑफिसात मी एकटाच होतो. आदल्या दिवशी घरी नेऊन जोडलेला फोन चालतो की नाही, हेही तपासायचं होतं. तोफ झाली. मी खजूर तोंडात टाकला, पाण्याचा घोट घेतला आणि काम सुरू केलं. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. सगळ्या टेबलांवरचे फोन एकेक करून जागे झाले. रिकाम्या ऑफिसात ते उजळत जाताना बघायला बरं वाटत होतं. माझ्या फोनवरही नावं आली, नावांपुढे हिरवे दिवे आले.

नशातच्या नावापुढेही हिरवा दिवा आला.

जुनी नोंद राहून गेली असेल असं मला वाटलं. तरीही मी उठून कपाट उघडलं. फोन तिथेच होता, वायर त्याच्याभोवती गुंडाळलेली. कपाटातून मात्र समुद्राचा वास येत होता, ओल्या दोरखंडाचा. मी कपाट लावून परत आलो तेव्हा नशातचा दिवा तांबडा झाला होता.

त्याच्याखाली आणखी एक दिवा तांबडा होता. "घर."

मी मोबाइलवरून आईला फोन लावला. ती उचलेना. नव्या सॉफ्टवेअरमध्ये चालू असलेलं बोलणं ऐकायची सोय आहे. नव्या कारकुनांचं बोलणं तपासायला मॅडमना ती हवी होती. मी बटण दाबलं आणि रिसीव्हर कानाला लावला.

आधी पाणी ऐकू आलं. लाटांचं नाही, अडकून राहिलेलं पाणी जसं भिंतीला थापट्या मारतं, तसं. मग आईचा आवाज. किती दिवसांनी तो आवाज असा मोकळा होता!

"...हो रे, आहे ना गरम. लिंबूही कापलंय... नाही, रऊफ अजून आला नाही... काय म्हणतोस? थंडी वाजतेय?"

पलीकडून शब्द आला नाही. निदान मला तरी ऐकू आला नाही. फक्त पाणी.

"मग मी खाली येऊ का?" आई म्हणाली. "धक्क्यावर? की कुठे, ते तर सांग... थांब... चपला घालते. थांब हं, लाइन सोडू नकोस."

आमच्या घराचा जिना उतरला की रस्ता, आणि रस्ता ओलांडला की कालवा. त्या वेळी धक्क्यावर चिटपाखरूही नसतं. मी पुढे विचार केला नाही. राउटरला एक आज्ञा दिली आणि ती लाइन तोडली.

फेरी निघेपर्यंत मी धक्क्यावर कसा थांबलो ते माझं मला ठाऊक. घरी पोचलो तेव्हा दार उघडं होतं. आई दारात जमिनीवर बसली होती. एका पायात चप्पल, हातात झाकलेली वाटी.

"तू तोडलास?" तिने विचारलं.

"आई... तो नशात नव्हता."

"तो सांगत होता." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी म्हटलं, येते, पण कुठे येऊ ते तर सांग. तो सांगायला लागला होता, 'आई, मी तिथेच आहे जिथे...' आणि मग काही नाही. काही नाही, रऊफ."

त्या रात्री आम्ही दोघं जेवलो नाही.

सकाळी ऑफिसात गेलो तर माझ्या मेलमध्ये एक निरोप आला होता. तोडलेली लाइन जो तोडतो त्याच्याच निरोपांच्या पेटीत जाते, हीदेखील त्या सॉफ्टवेअरची सोय. पाठवणाऱ्याचं नाव: नशात.

मी दार लावून घेतलं आणि ऐकू लागलो.

कोणीतरी पाणी पीत होतं. दिवसभराचा उपास सोडताना माणूस घाईघाईने पितो, तसं. घोट, घोट, घोट. मध्ये श्वास नाही. मी थांबलो, आता संपेल म्हणून. ते संपत नव्हतं. निरोप जेवढा लांब असू शकतो तेवढा लांब होता, आणि त्यात दुसरं काही नव्हतं. होतं, फार मागे, दर लाटेबरोबर, एक घंटा वाजत होती. खणखणीत नाही. भांड्याला तडा गेल्यावर येतो तसा तिचा आवाज.

ती घंटा मला ठाऊक होती. पश्चिमेच्या बांधापलीकडे समुद्रात एक जुनी बोया, म्हणजे जहाजांसाठीची तरंगती खूण आहे, तिला घंटा बांधलेली आहे. एका जहाजाने धडक दिल्यापासून ती अशीच वाजते. लहानपणी मी आणि नशात तिथवर पोहत जायचो, आणि बोयाला आधी हात लावणारा दुसऱ्याच्या वाटची मिठाई खायचा. तो बहुतेक वेळा जिंकायचा.

मी बयूमीला सांगितलं, बांधापलीकडच्या बोयाशी बघ. कसं कळलं ते सांगितलं नाही.

"तिथे?" तो म्हणाला. "बाशमुहंदिस, प्रवाह सगळा पूर्वेला वाहतो. तिथे तर फाटकं जाळंही जात नाही."

"माझ्यासाठी बघ."

त्याने माझा चेहरा पाहिला आणि लाँच काढली. तो स्वतः पाण्यात उतरला. बोयाची साखळी तळाशी जिथे जाते, तिथे नशात होता. बयूमीने त्याला साखळीतून सोडवून वर आणलं. लाँच धक्क्याला लागली तेव्हा बयूमी ओल्या अंगानेच बसून होता. "सोडत नव्हता," तो म्हणाला. मला वाटलं, तो नशातबद्दल बोलतो आहे. "खालून कोणीतरी... जाऊ दे. साखळी असेल."

आईने मूठभर माती टाकली आणि ती रडली. सलग तीन दिवस संध्याकाळी आमच्या दाराबाहेर खुर्च्या मांडल्या होत्या, पठण झालं, लोकांनी कडू कॉफी घेतली. मी ऑफिसात जाऊन राउटरमधून नशातचा नंबर काढून टाकला. काढायच्या आधी पडद्यावर त्याच्या नावापुढे रांगेचा आकडा दिसला. एक जण थांबला होता. मी नंबर पुसला, दिवा विझला. आकडाही गेला असणार असं मी धरून चाललो.

पुढच्या संध्याकाळी आईने बयूमीला इफ्तारला बोलावलं. माझा मुलगा ज्याने आणून दिला त्याला मी माझ्या हातांनी वाढणार, असं तिचं म्हणणं. तिने मुलूखियाची पालेभाजी केली, मासे तळले, जर्दाळूचं सरबत केलं. बयूमी नशातच्या जागेवर बसला.

"हाज्जा, इतकं वाढलंत तर उद्या लाँच बुडेल माझ्या वजनाने," तो आईला म्हणाला. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मानाने हाज्जाच म्हणतात.

"तोंड सांभाळ," आई म्हणाली, पण हसली.

तोफ झाली. बयूमीने पाण्याचा पेला उचलला, आणि फोन वाजला.

घरचा तो फोन मी अजून परत नेला नव्हता. त्याच्या पडद्यावर नाव नव्हतं, नंबर नव्हता. मी उठायच्या आत आईने उचलला.

"कोण?" ती म्हणाली. "...नाही बाळा, नशात आता मातीत आहे, त्याच्या जागी... कोण हवंय? बयूमी? हो, आहे की. इथेच बसलाय."

तिने रिसीव्हरवर हात ठेवला. "विचारतोय, उद्या लाँच काढणार का."

"काढणार तर. सकाळी ग्रीक जहाज आहे." बयूमी थांबला. "पण हाज्जा... मी इथे आहे हे कोणाला माहीत?"

रिसीव्हरवर आईचा हात होता, तरी मला आवाज येत होता. घोट, घोट, घोट. मी बयूमीच्या हाताकडे बघितलं. त्याचा पेला भरलेलाच होता.

आईलाही तो आवाज ऐकू आला असणार. तिने बयूमीला नीट न्याहाळलं, त्याच्यापुढची वाटी बघितली. मग हात काढून ती फोनमध्ये म्हणाली, "नाही. तो येणार नाही. त्यालाही आई आहे."

पिण्याचा आवाज थांबला. आई ऐकत राहिली. मग हळूहळू तिची मान माझ्याकडे वळली.

"विचारतोय..." ती म्हणाली. "मग कोण?"

तिने रिसीव्हर ठेवून दिला. फोनवर नावांची यादी दिसत होती. नशातचं नाव नव्हतं. बयूमीचा दिवा हिरवा होता. माझ्या नावापुढचा दिवा तांबडा झाला होता, आणि माझा फोन तर कालव्यापलीकडे, बंद ऑफिसात, जागेवर होता.

बयूमीने दुसऱ्या दिवशी लाँच काढली नाही. नंतरही काढली नाही. तो आता समुद्रापासून दूर, मन्सूरामध्ये मेहुण्याच्या दुकानात बसतो. घरच्या फोनची वायर मी त्याच आठवड्यात काढली, पण आई तो फोन हलवू देत नाही. ऑफिसला जाण्यायेण्यासाठी मला रोज फेरीने कालवा ओलांडावा लागतो. मी आतल्या बाकावर बसतो, कठड्याजवळ जात नाही.

संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की आई आधी माझ्याकडे बघते. मग तो वायर नसलेला रिसीव्हर उचलते, हळू आवाजात म्हणते, "आजही नाही," आणि खाली ठेवते.

ठेवायच्या आधी ती थोडा वेळ ऐकते.