कुंपणाला टेकलेली माणसं

कुवेतमधल्या एगैलाच्या मॉलमधला तो गाळा चांगला थंडगार होता, तरी साबीरच्या हाताखालचा पोरगा अक्षय घामाने निथळत होता. साबीरने त्याच्या कपाळाला हात लावला आणि चटकन काढून घेतला. अंगात सणसणून ताप होता.

एका अमेरिकन शाळेच्या इतिहास प्रदर्शनाचं सुतारकाम साबीरने घेतलं होतं. लाकडी कुंपण, मागे झोपडी, आणि कुंपणाला टेकलेले तीन फायबरचे पुतळे, हातात बंदुका. काम सांगायला आलेल्या चित्रा मॅडमनी त्यामागची हकिगतही ऐकवली होती. लंडनच्या व्यापाऱ्यांनी भागभांडवल जमवून कंपनी काढली आणि सोन्याच्या आशेने माणसं अमेरिकेच्या किनाऱ्यावर धाडली. सोनं काही निघालं नाही, ताप आणि उपासमार मात्र मुबलक. आपली माणसं आजारी पडतात, मरतात, हे तिथल्या लोकांना दिसता कामा नये, अशी कंपनीची ताकीद. म्हणून म्हणे आजाऱ्यांना बंदूक देऊन कुंपणाला टेकवून ठेवत. साबीर तेव्हा हसला होता. कंपन्या सगळ्या सारख्याच, असं म्हणालाही होता.

इतक्यात खाली लाकूड उतरवणाऱ्या हुसेनचा फोन आला. तपासणीवाला वर येत होता. साबीरची पाचावर धारण बसली. अक्षयचा अकामा, म्हणजे तिथे राहून काम करण्याचा परवाना, दुसऱ्याच मालकाच्या नावावर होता. सापडला तर थेट गावी रवानगी, आणि साबीरच्या धंद्याला टाळं. शिवाय गावाहून निघताना अक्षयच्या आईला, सीताबाईला, त्याने शब्द दिला होता, पोरगा माझ्या जबाबदारीवर.

बाहेर जायला एकच शटर, तेही जिन्यासमोर. साबीरने अक्षयला पुतळ्याचा जादा कोट चढवला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि बंदूक हातात दिली.

"मी बोलेपर्यंत बसू नको."

"पाय लटपटतायत, साबीरभाई."

"टेकून उभा ऱ्हा."

अधिकारी तसा भला माणूस. त्याने कागद पाहिले, कुंपणाजवळ गेला आणि कौतुकाने एकेका पुतळ्याच्या गालावर टिचकी मारत निघाला.

चारही वेळा आवाज पोकळ आला.

अधिकारी आभाराचं शुक्रान म्हणून निघून गेला. साबीर धावला, टोप्या उचलल्या. चारही चेहरे रंगवलेले, गुळगुळीत, एकाच साच्यातले. झोपडीत कोणी नव्हतं. अधिकारी होता तोवर शटरमधून तो स्वतः हललाच नव्हता, बाहेर कोणी गेलं नव्हतं. अक्षयच्या चपला कुंपणापाशी पडल्या होत्या.

त्याने अक्षयला फोन लावला. लागेना. मग त्याचाच फोन वाजला.

"साबीरभाऊ, आताच अक्षय बोलला माझ्याशी," सीताबाई म्हणाली. "आवाज लय लांबून येत होता. पाय दुखतात बोलतो. साबीरभाईंनी बसायला सांगितलं नाय अजून, बोलतो. तुम्ही सांगा ना त्याला."

साबीरला रडू फुटलं. चौघांतल्या कोणाकडे बघून सांगावं तेच कळेना. शेवटी त्याने कुंपणाकडे पाठ केली.

"बस, अक्षय. बस रे बाबा."

मागे लाकूड करकरलं.

तो बराच वेळ वळला नाही.

फायबरचे गुडघे वाकत नाहीत.

चार बंदुका कुंपणाला नीट टेकवून ठेवल्या होत्या. त्यांच्याखाली चौघेही बसले होते.