शिरूरला एक आकडा कमी

मच्छिंद्र आप्पांचा फोन आला तेव्हा सत्यजीत दौंडच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात कुणाचा तरी कीबोर्ड उशीसारखा झटकत होता.

"माझ्या कीबोर्डात कुणीतरी घुसलंय," आप्पा म्हणाले. "मंगळवारपासून एक अक्षर दाबावं तर तीन उमटतात."

शिरूरच्या एसटी डेपोमागं आप्पांचा टायपिंग क्लास. चौतीस वर्षं त्यांच्या दहा बोटांवर उभा. सत्यजीत इथंच शिकलेला. पाठ वाकली की पट्टी बसायची. आप्पांचा संशय समोरच्या क्लासवाल्या विक्रमवर होता. पुरावा एकच: तो हल्ली नमस्कार फार करायचा.

शिरूरला येऊन सत्यजीतनं कीबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे कुठली कळ कधी खरी मानायची हे ठरवणारा आतला प्रोग्राम, लॅपटॉपवर उतरवून वाचलं. कंपनीचंच, नवंकोरं. फक्त मेमरीच्या एका कोपऱ्यात जुना आकडा पुसायचा राहिला होता: ३२०. कंपनीचा असतो पाच.

त्यानं स्वतः टाइप केलं. सगळं नीट. पोरांना विचारलं, तर ती म्हणाली, सरांचा कीबोर्ड उलट सुधारलाय. आधी फॉर्म भरताना शिरूरचा पिनकोड ४१२२१० मारलं की ४१२१० यायचं. दिवाळीपासून शिरूरला एक आकडा कमीच होता.

आप्पांची मुलगी तेजश्री चहा ठेवून गेली. आप्पांचा कप अर्धाच भरलेला.

सत्यजीतनं पिशवीतला आपला कीबोर्ड आप्पांपुढं सरकवला. कमळ लिहा म्हणाला. उमटलं: ककमममळळ.

त्यानं तेजश्रीला परत बोलावलं.

"आप्पा, तुमचा कीबोर्ड बिघडला न्हाई. बरा झालाय."

मग त्यानं समजावलं. ३२० मिलिसेकंद म्हणजे तीच कळ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत पुन्हा दाबली गेली, तर ती मोजायचीच नाही. पिनकोडातला दुसरा दोन त्यात गेला. आप्पांच्या हाताची थरथरही त्यातच गेली. हे विक्रमला कुठून सुचणार? हे आप्पांची बोटं रोज बघणाऱ्याचं काम. चहा सांडू नये म्हणून कप अर्धा भरणाऱ्याचं.

"कधी टाकलंस, तेजश्री?"

"दोन वर्षं झाली. आधी चाळीस. मग नव्वद. दिवाळीनंतर तीनशे वीस."

"आन् मंगळवारी का काढलंस?"

"डॉक्टरकडं चला म्हटलं की स्क्रीन दाखवायचे. हे बघ, एक अक्षर डबल न्हाई. माझाच खोटा दाखला, मलाच दाखवायचे. दोन वर्षं वाया घालवली मी त्यांची."

आप्पांनी उजवा हात डाव्या हातानं धरून टेबलाखाली घेतला.

"सत्यजीत," आप्पा हळूच म्हणाले, "आता किती ठेवावं लागंल?"

कमळाच्या वेळीच सत्यजीतनं ते मोजलं होतं. पाचशे दहा.

"डॉक्टर सांगतील," तो म्हणाला.