आतल्या खोलीतला फोन

फोनची जुनी वायर काढायची आणि इंटरनेटवरचा फोन घ्यायचा, यात घाबरण्यासारखं काय आहे सांगा बरं? माणूस येतो, भिंतीला एक डबा लावतो, डब्यावर हिरवे दिवे लुकलुकतात, आणि नंबर पूर्वीचाच राहतो. रोज शंभर घरांत होत असेल. मिरचीनंही त्या दिवशी दुपारी एवढंच काम काढलं होतं.

मिरची म्हणजे कपडे अंगाबरोबर करून देणारी बाई. सैल असेल ते आवळून द्यायचं, आखूड असेल ते उसवून लांब करायचं. हे नाव तिला तिच्या ताईनं लहानपणी ठेवलेलं, कारण राग नुसता नाकाच्या शेंड्यावर. लग्न झालं आणि त्या नावानं तिला कुणी हाक मारेनासं झालं, कारण तो राग पुन्हा कुणाला दिसलाच नाही. दिसणार कसा? नवऱ्यानं तसा बंदोबस्तच केला होता.

नवरा हेडक्लार्क. ऑफिसात हेडक्लार्क आणि घरातही हेडक्लार्कच. त्यानं एकाच वायरीवर दोन फोन बसवून घेतले होते. एक बाहेर, मिरचीच्या शिलाई मशीनशेजारी. दुसरा आतल्या खोलीत, त्याच्या टेबलावर. बाहेर फोन वाजला आणि मिरचीनं उचलला की आतलाही उचलला जायचा. बारीक आवाज यायचा... खट्. मग त्याचा श्वास. डोकेदुखीचा बाम कपाळाला फासून तो ऐकत बसायचा. मिरची आपली हवापाण्याचं बोलायची, गुडघेदुखीचं बोलायची. आणि पुरे झालं असं त्याला वाटलं, की तो रिसीव्हरवर नखानं दोनदा वाजवायचा. टक्, टक्. त्यावर मिरचीनं म्हणायचं, "बरं, ठेवते हं. दूध उतू जातंय." आणि ठेवून द्यायचं.

पलीकडे ताईला यातलं काय कळणार? ती टकटक तिला वायरीची खरखर वाटायची. तिला कळत होतं ते इतकंच, की आपली धाकटी आपल्याशी दोन वाक्यं धड बोलत नाही. डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिनं फोन केला होता. "येशील का गं चार दिवस? एकटीला भीती वाटते." मिरचीच्या तोंडात 'येते' हा शब्द आलासुद्धा होता. टक्, टक्. "बरं, ठेवते हं. दूध उतू..."

ताई एकटी गेली. ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. आता तिला समोरचा माणूस नुसती सावली दिसतो, आणि माणसं ती आवाजावरून ओळखते. त्यानंतर तिनं निरोप पाठवला, माझ्या दारात पाऊल टाकू नकोस म्हणून.

मिरचीनं तेव्हा तोंड का उघडलं नाही, असं तुम्ही विचाराल. विचारायला काय जातंय? त्या घरात एक वर्ष राहून बघा, मग विचारा.

गेल्या हिवाळ्यात हेडक्लार्क गेला. झोपेत, अगदी शांतपणे गेला, आणि मिरचीला त्याचाही संताप आला. एवढं करून मेल्याला साधी ठेचसुद्धा लागू नये! पण निदान आता सुटलो, असं तिला वाटलं. महिनाभर तिनं धीर गोळा केला आणि ताईला फोन लावला. ताईनं कोरड्या आवाजात "बोल" म्हटलं. मिरची बोलायला लागली, आणि मधेच कानात आवाज आला. खट्.

आतल्या खोलीचं दार बंद होतं. कडी बाहेरून लावलेली.

टक्, टक्.

आणि मिरचीच्या तोंडून शब्द निघाले, ते तिनं स्वतः ऐकले. "बरं, ठेवते हं. दूध उतू जातंय." रिसीव्हर ठेवल्यावर तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. नंतर दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तेच. भीती वाटत नव्हती असं नाही, पण भीतीपेक्षा चीड जास्त होती. तो गेला होता, आणि तिची जीभ मात्र अजून त्याचीच नोकरी करत होती.

घरात मोबाइल नव्हता. हेडक्लार्कनं तो येऊ दिला नव्हता, कारण मोबाइलला आतल्या खोलीतून कान लावता येत नाही. शेजारणीच्या मोबाइलवरून करून पाहिलं, तर ताईनं उचललाच नाही. तिच्या फोनला आंधळ्यांसाठी सोय होती. ओळखीच्या नंबरावरून फोन आला की तो त्या माणसाचं नाव मोठ्यानं बोलायचा. नाव बोलला नाही, तर ताई उचलत नसे. म्हणजे नंबर आपलाच हवा, आणि वायर मात्र नको. अशात कुणाकडून तरी कळलं, की ताई घर सोडून रविवारी वृद्धाश्रमात जायला निघाली आहे. कायमची. मिरचीनं त्याच दिवशी इंटरनेटवाल्यांना बोलावलं.

फोनवाला आला तो पोट सुटलेला, बोलघेवडा माणूस. "नंबर हाच ठेवू ना, बाई?"

"नंबर हाच. बाकी सगळं उपटून काढा," मिरची म्हणाली. "आतल्या खोलीतलंसुद्धा."

तो आत गेला. थोड्या वेळानं नाक चोळत बाहेर आला.

"आत कुणी बाम लावलाय का हो? डोळ्यांना झोंबतोय."

"आत कुणी नाही."

"हं..." त्यानं हातातला तुकडा दाखवला. तांब्याच्या तारेची टोकं हिरवी पडली होती. "आणि तो फोन वापरत होतं का कुणी?"

"मालक वापरायचे. रोज."

"काहीतरीच. वायर भिंतीतच तुटलीय. हिरवा गंज बघा ना. कितीतरी वर्षं तो फोन मुका आहे, बाई. त्यातून काही ऐकूही येणार नाही आणि इकडून तिकडे काही जाणारही नाही."

मिरची त्या तारेकडे बघत राहिली. कितीतरी वर्षं... म्हणजे तो जिवंत होता तेव्हाही? तिच्या पाठीवर काटा आला. पण काटा आला त्याच्या पाठोपाठ तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवाल्याची पाठ वळल्याबरोबर तिनं आतला फोन उचलला, बाहेर आणून फरशीवर ठेवला आणि कपड्यांची जड इस्त्री त्याच्यावर घातली. एकदा नाही, त्याचा चुरा होईपर्यंत. फोनवाला दारात चपला घालत होता. तो बिचारा नमस्कारही न करता गेला.

दुपार कलायला लागली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डब्यावरचे हिरवे दिवे लागलेले. मिरचीनं रिसीव्हर कानाला लावला. पूर्वी वायरीत सतत एक घुंघुं असायची. आता काहीच नव्हतं, विहिरीत कान घातल्यासारखी शांतता. तिनं नंबर फिरवला.

"बोल," ताई म्हणाली. "दूध ठेवून आलीस का गॅसवर?"

ते ऐकून मिरचीला रडूच फुटलं. आणि मग ती बोलली. आतला फोन, खट्, टक् टक्, दूध, सगळं. एका दमात. कानात कुठलाही आवाज आला नाही.

"आणि हे तू मला आत्ता सांगतेस?" ताईचा आवाज फुटला. "अगं, मी ऑपरेशनच्या खोलीत जाताना दाराकडे बघत होते! शेवटचं धड दिसलं ते तेवढंच, ते रिकामं दार!"

"शिव्या घाल मला."

"घालीन, जन्मभर घालीन. पण त्यासाठी तुझ्याजवळ राहायला हवं. रविवारी... रविवारी मी तुझ्याकडेच..."

टक्, टक्.

मिरची गोठली. डब्यावरचे दिवे लुकलुकत होते. आतल्या खोलीचं दार सताड उघडं, टेबल रिकामं, फोनचा चुरा केराच्या टोपलीत. आणि जीभ टाळूला लागून तेच शब्द जुळवायला लागली. मिरचीनं ती दातांखाली धरली.

"वाजव!" ती किंचाळली. "वाजव, किती वाजवायचंय ते! मी ठेवणार नाही, ऐकतोस का? नाही ठेवणार!" आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याला अरेतुरे केलं.

कानात ताईचा आवाज आला, अगदी हळू, घाईघाईनं...

"बरं, ठेवते हं. दूध उतू जातंय."

आणि फोन बंद झाला.

पुन्हा लावला, ताई उचलेना. मिरचीनं घराला कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली आणि ताईकडे जाणारी पहिली बस समोर आली तिच्यात चढली. 'दारात पाऊल टाकू नकोस' वगैरे गेलं खड्ड्यात. बसमध्ये बसून ती सारखी पुटपुटत होती. शेजारची बाई दचकून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

ताईच्या दाराशी पोचेस्तोवर दिवेलागण झाली होती. जिन्यातला दिवा गेलेला. दार उघडलं आणि ताई चौकटीत उभी राहिली, डोळे मिरचीच्या खांद्यापलीकडे कुठेतरी लागलेले.

"कोण?"

"मी आहे, ताई."

"आता कशाला आलीस?" ताईचा हात दारावरच होता. "मघाशी इतकं बोललीस, मला वाटलं, आली माझी धाकटी परत. आणि मग म्हणालीस, येऊ नकोस, मला नको आहेस तू."

"मी?"

"तूच. वर ते मेलं दूध. आणि दिलास ठेवून."

"ताई, मी तर ओरडत होते. नाही ठेवणार म्हणून ओरडत होते..."

"ओरडली नाहीस. शांत बोललीस. नेहमी बोलतेस तशी."

तेवढ्यात आत फोन वाजला. कोनाड्यातल्या त्या यंत्राचा सपाट आवाज घरभर घुमला. "धाकटी... धाकटी... धाकटी..."

मिरचीच्या मुठीत घराची किल्ली होती. ती तळव्यात रुतत होती.

ताई चाचपडत कोनाड्याशी गेली आणि तिनं उचलला. त्या शांततेत पलीकडचा शब्दन्‌शब्द मिरचीला ऐकू आला. आवाज तिचाच होता. मऊ, आर्जवी, इतकी वर्षं ताईनं ऐकलेला.

"ताई, मी बोलतेय. घरीच आहे मी. तुझ्या दारात कुणी आलंय का गं? तिला आत घेऊ नकोस... ती मी नाही."

ताई हळूहळू वळली. समोर तिला काय दिसत होतं? एक सावली. कानात मात्र ओळखीचा आवाज. ती एक पाऊल मागे सरली आणि भिंतीला टेकली.

"बोल," ती कुजबुजली. "कोण आहेस ती... बोल काहीतरी."

मिरचीनं तोंड उघडलं. आणि रिसीव्हरमधून आलं... टक्, टक्.

"बरं, ठे..." जीभ वळलीच. कचकन चावली तिनं ती, रक्ताची चव आली. आणि मग जे काही बाहेर पडलं ते बोलणं नव्हतं, बांध फुटला होता. "अरे भामट्या! अरे नालायका! माझा आवाजही घेतलास? माझ्या बहिणीचे डोळे गेले तुझ्या नखापायी, आणि वर तिला सांगतोस मी कोण ते? चुरा केलाय तुझ्या फोनचा, तुझाही केला असता, तू मरायची घाई केलीस म्हणून वाचलास! मी घाबरत नाही तुला! मी ठेवणार नाही!" शेजारची दारं उघडली. कुणीतरी जिन्यात "काय झालं हो?" म्हणालं. मिरचीचं लक्षच नव्हतं. इतक्या वर्षांचं साचलेलं, थांबणार कुठे?

आणि ताई हसायला लागली. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. हात पुढे करून तिनं मिरचीचं मनगट पकडलं.

"हीच," ती म्हणाली. "हीच माझी मिरची. लहानपणी अश्शीच किंचाळायची, गल्ली गोळा करायची." मग ती रिसीव्हरमध्ये ठणकावून म्हणाली, "ओळखलं मी. समजलं? माझी बहीण माझ्याजवळ आहे."

पलीकडून तोच मऊ आवाज आला, मुळीच न रागावता.

"बरं... ठेवते हं. दूध उतू जातंय."

फोन बंद झाला. ताईनं रिसीव्हर ठेवला. दोघी तशाच उभ्या राहिल्या, हातात हात. जिन्यातली माणसं आपापल्या घरात गेली. घर पुन्हा शांत झालं, आणि मग ताईनं मान वर करून वास घेतला.

"काहीतरी करपतंय गं."

मिरचीलाही आला. आत, अंधाऱ्या स्वयंपाकघरातून, उतू जाऊन जळलेल्या दुधाचा वास. आणि त्या वासाखाली बारीक, डोळ्यांना झोंबणारा बाम.

"ताई, गॅसवर दूध ठेवलंयस का?"

"दूध?" ताईची बोटं तिच्या मनगटावर आवळली. "मी कोरा चहा पिते, मिरचे. या घरात दूध येतच नाही."

मिरचीनं तिचा हात घट्ट धरला आणि ती स्वयंपाकघराकडे निघाली. आत कुठल्यातरी भांड्यावर झाकण वाजत होतं. टक्, टक्.