मुदतीनंतर आलेला कवळीवाला

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. फक्त जेवता जेवता वाचू नका.

घडलं ते माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. बाजारामागची गल्ली, तिसरा मजला, दोन खोल्यांचं घर. वेळ भर दुपारची. खिडक्या सताड उघड्या, खाली भाजीवाल्याची आरोळी, लख्ख ऊन. भुतानं यायची ही काही वेळ नव्हे. पण त्याला कोण सांगणार?

घर अक्काच्या काकांचं. काका बिनलग्नाचे. शेवटची वर्षं अक्कानंच त्यांचं सगळं केलं, अगदी अन्न कुस्करून भरवण्यापर्यंत. म्हणून त्यांनी मृत्युपत्रात घर तिला दिलं आणि कोर्टाची सगळी निस्तरणीही तिच्याच गळ्यात घातली. अक्का लोकांचे कपडे उसवून शिवणारी. भाड्याच्या खोलीतून घरमालक आज काढतो की उद्या, अशी गत. हे घर मिळालं तरच डोक्यावर छप्पर.

कोर्टानं रीतसर नोटीस काढली. मयताकडून कुणाचं काही येणं असेल, तर मुदतीत दावा लावा. मुदत संपली. कुणी फिरकलं नाही. अक्काचा जीव भांड्यात पडला.

आणि मग आले...

साखर सांडल्यावर मुंग्या याव्यात तसे. गादीवाला, औषधवाला, एक लांबचा भाचा. काका जिवंत असताना यातला एकही जिना चढला नव्हता.

"एकालाही हो म्हणू नका," वकीलबाईंनी बजावलं. "मुदतीनंतर एकाचं मान्य केलंत, की बाकीचे विचारणार, आम्ही काय घोडं मारलंय? फेडता फेडता घर विकावं लागेल."

सगळ्यात शेवटी आला कवळीवाला. दात बनवणारा. हडकुळा, गाल आत गेलेले. काकांसाठी त्यानं कवळी केली होती आणि तिचे पैसे राहिले होते.

गंमत म्हणजे काकांनी ती एक दिवसही धड घातली नाही. "अगं, ही मलाच चावते," म्हणायचे. न्हाणीघरातल्या फळीवर, काचेच्या पेल्यात ती पडून असायची.

कोर्टात कवळीवाला म्हणाला, "साहेब, पैसे राहू द्या. माझी वस्तू तेवढी परत द्या."

अक्का द्यायला एका पायावर तयार होती. तिला तरी ती कुठे हवी होती? पण वकीलबाईंनी तिचं कोपर दाबलं.

"वस्तू परत केली म्हणजे देणं कबूल केलं. गप्प बसा."

अक्का गप्प बसली. दावा फेटाळला गेला.

बाहेर जिन्यावर कवळीवाला तिच्या अगदी जवळ आला. त्याच्या तोंडाला वास येत होता. फुलदाणीतल्या कुजक्या पाण्याचा.

"जिंकलात, बाई. आता ती तुमची."

एवढंच बोलला.

अक्का त्या घरात राहायला गेली. थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं, पेल्यातलं पाणी गढूळ झालंय. वर साय धरल्यासारखा पांढरट, चिकट थर. तिनं नाक दाबून पाणी ओतलं. कवळी घासायला घेतली.

दातांच्या फटीत पावाचा लगदा होता.

ओला... ताजा.

स्वयंपाकघरात पाव होता. त्याचा एक घास गेलेला.

उंदीर असेल, अक्कानं स्वतःची समजूत घातली. पण उंदीर कुरतडतो. हा चावा होता. अर्धगोल, माणसाच्या तोंडाएवढा.

मग साबणावर. मग मेणबत्तीवर. मग उसवायला आणलेल्या एका कोटाच्या कॉलरवर... जिथे घामाचा काळा पट्टा बसतो ना, नेमका तिथे.

आणि दर वेळी फटीत तेच. फेस. मेण. दोऱ्यांना चिकटलेला कुणाचा तरी मळ.

एका दुपारी ती शिवणयंत्रावर बसली होती. यंत्र थांबवलं. आवाज थांबला नाही.

चप्... चप्... चप्...

न्हाणीघरातून.

"काका?" तिनं हाक मारली. "भूक लागली का हो?"

असं विचारलं तिनं. घाबरलेली असूनही. अक्का म्हणजे अक्काच.

आवाज थांबला. कुणीतरी घसा खरवडला... आणि थुंकलं.

काकांना थुंकण्याची भयंकर किळस होती. रस्त्यात कुणी थुंकलं तरी ते घरी येऊन पाय धुवायचे.

अक्का आत गेली. न्हाणीघर रिकामं. बेसिनमध्ये पिवळट बेडका होता. अजून खाली ओघळत होता.

तिनं कवळी चिमट्यानं पिशवीत टाकली आणि तडक कवळीवाल्याचं दुकान गाठलं.

"ही घ्या. तुमचे पैसेही घ्या. कोर्ट गेलं खड्ड्यात."

त्यानं दोन्ही हात मागे बांधले. "माझा हक्क संपला, बाई. कोर्टानंच शिक्का मारून दिलाय."

"मग मुदतीत यायला काय धाड भरली होती?"

"मला वाटलं, काका ती तोंडात घेऊनच गेले असतील. शेवटचं पाठवताना घालतात लोक, चेहरा बरा दिसावा म्हणून. फार उशिरा कळलं, घरातच राहिली."

"राहिली तर राहिली. दातच ना ते?"

"नवे नव्हते," तो म्हणाला. "काकांना स्वस्तात हवी होती."

"मग कुणाचे होते?"

त्यानं कपाटाला कुलूप लावलं आणि तिला बाहेर जायची खूण केली.

अक्का गटाराच्या कडेला भडाभडा ओकली. समोर कचऱ्याची गाडी उभी होती. पिशवी तिनं त्यात भिरकावली आणि गाडीनं सगळं चिरडेपर्यंत तिथेच उभी राहिली. कटकट गेली.

त्या दिवशी तिला अन्न जाईना. कपभर दूध घेऊन झोपली.

सकाळी दाढेत काहीतरी अडकलं होतं.

दोरा घालून तिनं ते ओढलं. लालसर, चिवट तंतू. त्याला चिकटलेला एक आखूड, करडा केस.

दुसऱ्या दिवशी पुन्हा... तिसऱ्या दिवशीही...

शेवटी ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी दिवा लावला, आरसा फिरवला आणि कौतुकानं म्हणाले, "वा, इतकी घट्ट बसलेली कवळी मी आजवर पाहिली नाही. कुठे करून घेतलीत?"

अक्काच्या तोंडात कवळी नाही. कधीच नव्हती. आमच्या घराण्यात दात असावेत तर अक्कासारखे, असं म्हणायचे.

हे सगळं तिनं मला सांगितलं, तोंडावर हात धरून. घर आता तिच्या नावावर झालंय. "दाखव बघू," मी म्हटलं. ती हात खाली घ्यायला लागली...

"राहू दे, अक्का," मीच म्हणाले.

अजून येते ती अधूनमधून. जीव आहे माझा तिच्यावर. मी तिच्यापुढे चहा ठेवते, नाहीतर सरबत. चावावं लागेल असं काही ठेवत नाही.

तीही मागत नाही.

फक्त माझ्या ताटाकडे बघत बसते.