शिडी सरकते तेव्हा

ऑफिसातला कारकून नोटीस घेऊन वर्गात शिरला आणि उशिरा आलेला विद्यार्थी समजून गणिताच्या बाईंनी त्याच्या हातात कागद ठेवला. भिंतीला टेकवलेली शिडी खालून सरकते आहे. वरचं टोक किती वेगाने घसरेल? फळा कोराच होता. पठ्ठ्या नोटीस विसरून मागच्या बाकावर बसला आणि 'तेवढ्याच वेगाने' असं लिहून मोकळा झाला.

"चूक. पण छान चूक आहे," ती हसली. "आधी धडपडा, मग मी शिकवते. आयतं उत्तर टिकत नाही."

"मी कारकून आहे, मॅडम..."

"मग? कारकुनांना शिडी लागत नाही?"

त्यानंतर दर गुरुवारी त्याला कसली ना कसली नोटीस सापडू लागली.

"आज काय?"

"पाण्याची टाकी धुणार आहेत."

"मागच्या आठवड्यात धुतली ना?"

"फार मळते हो—"

वर्ग खाली मान घालून हसायचा. ती खिडकीकडे बघायची, पण कान लाल व्हायचे.

मग मुलांची तक्रार वर गेली. बाई शिकवत नाहीत, नुसतं आम्हालाच बसवून ठेवतात. सत्र संपताच नोकरी संपेल, काही म्हणणं असल्यास आजपासून सात दिवसांत मांडावं, असं पत्र निघालं. ते टाइप केलं त्यानेच. त्या आठवड्यात तिचा वर्ग आत्ता कुठे बोलू लागला होता, ती खुशीत होती. चार दिवस सुखाचे जाऊ देत, म्हणून त्याने पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. चाराचे आठ झाले.

शेवटी पत्र हातात पडलं तेव्हा तिने तारीख दोनदा वाचली.

"हे इतके दिवस तुमच्याकडे होतं?"

"तुमचं हसू जाईल म्हणून... माझं प्रेम आहे तुमच्यावर."

करायला गेला एक आणि झालं भलतंच. तिने पत्राची घडी घातली.

"माझंही आहे," ती म्हणाली. "म्हणून तर जास्त लागलं. कदाचित हरलेच असते मी. पण तुम्ही मला प्रयत्नच करू दिला नाहीत."

सत्र संपलं, ती गेली. त्याच ड्रॉवरमध्ये तिने त्याचा शिडीचा कागद ठेवला होता. चुकीच्या उत्तराखाली अर्धं पान कोरं होतं, पुन्हा धडपडायला ती सगळ्यांना सोडायची तसंच. जेवणाच्या सुट्टीत तो कागद काढून बसतो. उत्तर अजून आलेलं नाही, आणि तो कुणाला विचारतही नाही.