पाचवा कागद

"तक्रार मी केलीच नाही, आणि शिक्षा मात्र मला," पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार-खिडकीवर बसणारी बाई म्हणाली.

वहिनींनी चहा तिच्यापुढे सरकवला. खासगी तपासाचं काम त्या घरच्या बाहेरच्या खोलीतूनच करत. मदतीला धाकटे दीर, निवृत्त मास्तर. उत्साह दांडगा, अंदाज हमखास चुकीचा.

बाईंनी सांगितलेली हकिगत अशी. कामाच्या जागी वातावरण कसं आहे, हे विचारणारे कागद मुख्य कार्यालयाने पाठवले होते. नाव लिहायचं नाही, सही नाही. दहा प्रश्न आणि 'उत्तम' किंवा 'वाईट' यापुढे नुसती खूण. सात माणसांचे सात कागद कुलूपबंद पेटीत पडले. किल्ली मुख्य कार्यालयाच्या तपासनिसांकडे. शुक्रवारी सकाळी त्यांनी पेटी उघडली, तेव्हा सहा कागदांवर सगळं उत्तम निघालं आणि एकावर सगळं वाईट.

दुपारी साहेबांनी बाईंना बोलावलं. 'दहाच्या दहा वाईट? खाल्ल्या मिठाला तरी जागायचं,' असं म्हणून बेशिस्तीची नोटीस हातात ठेवली. सोमवारी सुनावणी, आणि त्यानंतर गावाबाहेरच्या गोदामात बदली ठरलेलीच.

"आई अंथरुणावर आहे. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन मी तिला भरवते. गोदामातून कशी येणार?" बाईंनी चहा तसाच बाजूला ठेवला. "आणि वहिनी, आमच्याकडे रोज कुणीतरी मोरीत जाऊन रडतं. तरी मी भित्री, सगळीकडे उत्तमच केलं."

शनिवारी वहिनी आणि मास्तर कार्यालयात गेले. साहेब फार गोड बोलले. पेटीला कुलूप होतं, आपण कुणाचा कागद कसा ओळखणार, असं त्यांनीच उलट विचारलं.

हेडक्लार्क काही सांगेनात. दर वाक्याला ते साहेबांच्या दाराकडे बघत होते. मास्तरांनी वहिनींच्या कानात सांगून टाकलं की चुगली करणारा हाच.

शिपायाने पेटी दाखवली. कागदाच्याच मापाची, अरुंद आणि खोल. आत टाकलेला कागद आधीच्या कागदावर सपाट जाऊन बसे. ती दिवसभर त्याच्या स्टुलाशेजारी होती.

"सगळ्यांनी कागद कधी टाकले?" वहिनींनी विचारलं.

"हजेरीपटावर नावं आहेत तसे ओळीने. आधी साहेब, ते टाकून बाहेर गेले. मग हेडक्लार्क, नकाशेवाले, खिडकीवरच्या बाई, टायपिस्ट, शेवटी मी. इथं वरच्याच्या आधी कुणी पाण्याचा पेलासुद्धा उचलत नाही."

"हे सहाच झाले."

"मीटर वाचणारे राहिले. त्यांचं नाव बाईंच्या वर आहे, पण त्यांची सायकल पंक्चर झालेली. संध्याकाळी येऊन त्यांनी टाकला."

टायपिस्ट मुलगी मान वर न करता टाइप करत राहिली. आपल्याला काही ठाऊक नाही, एवढंच म्हणाली.

तपासनिसांना वहिनींनी फोन केला. त्यांनी गठ्ठा तसाच बाहेर काढून तळापासून एकेका कागदामागे आकडे घातले होते. वाईट कागद पाचवा. साहेबांनी गठ्ठा दोन मिनिटं चाळला होता खरा, पण नुसत्या खुणांत बघण्यासारखं होतं काय, असं तपासनीस म्हणाले.

सोमवारी सुनावणीला सगळे जमले.

"यांचाच कागद, हे कशावरून?" वहिनींनी साहेबांना विचारलं.

"अक्षरावरून."

"कागदावर अक्षरच नाही, साहेब. नुसत्या खुणा आहेत."

मास्तर हेडक्लार्ककडे बोट दाखवणार, तेवढ्यात वहिनींनी त्यांचा हात खाली दाबला.

"भाऊजी, कुणी डोळ्यांनी बघून सांगितलं असतं, तर नाव बरोबर सांगितलं असतं. इथं नाव चुकलंय. म्हणजे कुणी पाहिलं नाही, कुणीतरी मोजलं. गठ्ठा चाळताना साहेबांना वाईट कागदामागचा पाचचा आकडा दिसला. या कार्यालयात सगळं हजेरीपटाच्या ओळीने चालतं, हा धाक साहेबांनीच बसवलेला. त्यामुळे पेटीतही कागद त्याच ओळीने पडले असणार, हे त्यांनी गृहीत धरलं. पटावर पाचवं नाव या बाईंचं आहे. पण मीटर वाचणारे त्या दिवशी उशिरा आले, हे बाहेर गेलेल्या साहेबांना कळलंच नाही. बाईंचा कागद चौथा होता, आणि त्यावर सगळं उत्तम आहे."

तपासनिसांनी चौथा कागद उलटून पाहिला आणि मान डोलावली.

"मग पाचवा कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"ते शोधायला मला कुणी नेमलेलं नाही," वहिनी म्हणाल्या.

ज्यांना मोजता येत होतं त्यांनी मोजलं होतं, आणि सगळे जमिनीकडे बघत होते. मग मागची खुर्ची सरकली.

"माझा," टायपिस्ट म्हणाली. "यांना नोटीस मिळाली तेव्हाच बोलायला हवं होतं. धीर झाला नाही."

तपासनिसांनी साहेबांपुढची नोटीस उचलून आपल्या पिशवीत घातली. या नोटिशीचं उत्तर आता तुम्ही द्यायचं, एवढंच ते साहेबांना म्हणाले. मास्तरांनी समाधानाने चष्मा पुसला, जणू उलगडा त्यांनीच केला होता.

बाई सुटल्या होत्या. घरी जायची वेळही झाली होती. त्या उठल्या, पण दाराकडे न जाता टायपिस्टच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब," त्या तपासनिसांना म्हणाल्या, "माझा कागद खोटा आहे. मला नवा द्या. आणि या वेळी वर नाव लिहायला जागा ठेवा."