छान बसवलाय

माणसाच्या आयुष्यात खरा उजेड एकदाच येतो. मोहिनीच्या दुकानात मात्र तो दिवसातून सात-आठ वेळा यायचा, बारा व्होल्टवर, आणि त्याला सहा महिन्यांची वॉरंटी असायची.

दुकान नाशिक रोडला, सिन्नर फाट्याजवळ. पाटीवर 'वाल्मीक ऑटो इलेक्ट्रिक'. वाल्मीक म्हणजे मोहिनीचे वडील, सगळ्या फाट्याचे अण्णा. तीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे दिवे लावता लावता त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. आता ते दारातल्या स्टुलावर बसून फक्त ऐकायचे. काम मोहिनी करायची. वय एकोणतीस. तिला पाहायला आलेल्या चार मुलांनी चहाचा कप घेताना तिची काळी नखं पाहिली आणि नकार कळवला. पाचव्यानं आधी गाडीचा हॉर्न दुरुस्त करून घेतला, मग नकार कळवला.

ऑगस्टमधली दुपार. सकाळपासून कंटाळल्यासारखा पडणारा पाऊस एकाएकी चवताळला, आणि एक लालभडक स्पोर्ट्स बाइक सरळ दुकानाच्या पत्र्याखाली घुसली. गाडीची उजवी बाजू पुढून मागेपर्यंत खरवडलेली. वर बसलेला माणूस इतका भिजलेला, की त्याच्या कपड्यांवरचा कोळसा ओघळून फरशीवर उतरत होता.

"सॉरी हां... पाऊस थांबला की निघतो."

"पाऊस थांबायची वाट बघाल तर दिवाळी इथंच होईल," मोहिनी म्हणाली. "एकलहऱ्याला का?"

"कसं ओळखलं?"

"फरशीवरून."

तो हसला. म्हणजे हसायला निघाला होता, अर्ध्यात थांबला. नाव जीवन. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कंत्राटी कामगार. आता पत्र्याखाली आलोच आहे तर, असं म्हणून त्यानं हेडलाइटकडे बोट दाखवलं. "यात प्रोजेक्टर बसेल? लांबचं दाखवणारा. सगळ्यात लांबचं."

मोहिनीनं गाडी आत घेतली, हेडलाइट उघडला, आणि तिच्या ओठांवर तिचं नेहमीचं वाक्य आलं. दुसऱ्याचं काम उघडल्यावर ती हे वाक्य बोलायचीच. नऊ वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. 'हा कोणत्या गाढवानं बसवला?'

कारण होतंच तसं. साध्या बल्बसाठी बनवलेल्या वाटीत कोणीतरी ऑनलाइन मागवलेला एलईडी कोंबला होता. जुन्या बल्बची तार जिथं पेटायची, तिथं याचे दाणे येत नव्हते. असा दिवा चाकापाशी दिवाळी करतो आणि वीस पावलांपुढे काहीच दाखवत नाही. दुकानात लावून पाहिला तर भिंत पांढरीफटक होते, माणूस खूश होतो. रस्त्यावर भिंत नसते.

"हा कोण—"

"मीच बसवलाय," जीवन म्हणाला. "भावाच्या वाढदिवसाला. गाडी त्याची. कुंदनची."

"मग तो चालवत नाही?"

"तो नाहीये आता."

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"लासलगावला व्यापाऱ्याकडे लिलावाच्या चिठ्ठ्या लिहायचा. जानेवारीत पहाटे पाचला घरून निघाला. विंचूरच्या अलीकडे कांद्याची ट्रॉली उभी... मागं लाल दिवा नाय, पट्टी नाय, काय नाय. शेवटच्या क्षणाला गाडी वळवली असणार. गाडी घसरत गेली, तिला फार काही झालं नाही." तो थोडा थांबला. मग, सहज विचारल्यासारखं, पण हातातलं हेल्मेट गच्च धरून, "बल्ब बरोबर होता ना, मॅडम?"

मोहिनीनं बल्बकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. त्याच्या पापण्यांवर पाणी होतं, पावसाचं असेल.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "छान बसवलाय."

स्टुलावर अण्णा खाकरले. मुलीनं परक्याच्या कामाची तारीफ केलेली त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती.

चार दिवसांनी प्रोजेक्टर आला. लाइट बसवणं सोपं, तो सरळ करणं अवघड. मोहिनीनं समोरच्या गोदामाच्या भिंतीवर खडूची रेघ मारलेली होती. गाडी ठरलेल्या अंतरावर उभी करायची, चालवणाऱ्याला वर बसवायचं, आणि उजेडाची वरची कड रेघेवर आणायची.

"बसा. नेहमी बसता तसे. पोट आत नका घेऊ, उजेड खोटा पडतो."

"पोट नाहीये मला."

"येईल. मागं कोण बसतं?"

"कोणीच नाही."

"बसणार आहे का? मागं वजन आलं की गाडीचं तोंड वर होतं. मग सगळा उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो."

तो भिंतीकडे बघत होता. भिंतीवर उजेडाची स्वच्छ, पांढरी, कापल्यासारखी कड. "...ठेवा जागा," तो हळूच म्हणाला.

"किती किलोची?"

"तुमचं किती आहे?"

मोहिनीच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर एक आटा जास्तच फिरला. उजेड भिंतीवरून वर सरकला आणि गोदामाच्या पत्र्यावर झोपलेली मांजर उठून बसली.

"बावन्न," स्टुलावरून अण्णा म्हणाले. "बस मोहे, बसून दाखव. अंदाजानं सेट केलेली गाडी माझ्या दुकानातून जायची नाय."

ती बसली. दोघांच्या मध्ये एक वीतभर अंतर ठेवून, हात मागच्या दांडीला. तो श्वास घ्यायचा विसरला असावा, कारण भिंतीवरची कड जरासुद्धा हलत नव्हती. रेघ बरोबर जुळली. दोघांपैकी कोणीच ते सांगितलं नाही.

मग जीवनच्या गाडीत रोज काही ना काही बिघडू लागलं. कधी फ्यूज, कधी इंडिकेटर. एकदा तर हॉर्न 'उदास वाजतो' अशी तक्रार घेऊन तो आला. शिफ्ट सुटली की यायचा, चहा प्यायचा, अण्णांना पेपर वाचून दाखवायचा. अण्णांना निधनवार्ता आवडायच्या. त्याही तो मन लावून वाचायचा.

मोहिनीला मात्र तो आला की आनंद व्हायचा आणि लगेच नजर टेबलाच्या खणाकडे जायची. तो जुना बल्ब तिनं फेकला नव्हता, खणात टाकला होता. खण उघडायची तिला भीती वाटायची.

"खोटं बोललीस त्या दिवशी," अण्णा एकदा म्हणाले.

"खरं सांगून कोण परत येणार होतं, अण्णा?"

"भाऊ नाय. पण खरं ऐकून हा तरी परत आला असता का, सांग."

हा माणूस एका खोट्यावर टिकून आहे, असं तिला रोज दिसत होतं. ते काढून घेतलं तर तो कोसळेल. ठेवलं तर ती त्याच्यासमोर जन्मभर मान खाली घालून बसेल. भिंतीवर रेघ मारून हे सेट करता येत नव्हतं.

खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडलेली. पक्कड, मीटर, सोल्डरची बंदूक, प्रत्येकावर झेंडूचं एक फूल. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, अण्णांचा नियम. जीवन गाडीला हार घालून आला आणि नेहमीसारखं म्हणाला, "जरा मागचा दिवा बघता का..."

"आज काम बंद."

आता त्याच्याकडे बहाणाच उरला नाही. तो उभा राहिला. तीही. झेंडूचा वास, ओल्या कुंकवाचा वास. अण्णा पानाच्या टपरीवर गेले होते. गेले म्हणजे काठी आपटत, ऐकू जाईल असे गेले होते.

"मला एक सांगायचंय," दोघं एकदमच म्हणाले.

"तुम्ही आधी."

"नाही, तुम्ही."

मोहिनीनं पाटाकडे पाहिलं. हत्यारांसमोर तरी नको, असं काहीसं तिच्या मनात आलं. "तो बल्ब... चुकीचा होता. लांबचं त्यात दिसतच नाही. मी खोटं बोलले."

ती वाट बघत राहिली. तो कोसळला नाही.

"माहितीये," जीवन म्हणाला.

"काय?"

"तुमच्या आधी तीन दुकानांत दाखवला होता. तिघांनीही गाढव म्हटलं. द्वारका चौकातल्या एकानं तर बल्बचा फोटो काढला, गिऱ्हाइकांना दाखवायला. तुमच्याकडे यायचं नव्हतंच त्या दिवशी. चेहेडीच्या पुलावर चाललो होतो. पाऊस फार वाढला, पुढचं दिसेना, म्हणून पत्र्याखाली थांबलो."

पुलावर कशाला, हे तिनं विचारलं नाही. पुलाखाली दारणा नदी ऑगस्टमध्ये कशी असते, ते तिला ठाऊक होतं.

"मग... माहीत होतं तर मला विचारलंत कशाला?"

"चौथ्यांदा ऐकावं म्हटलं. म्हणजे नक्की झालं असतं." त्यानं हारातला एक झेंडू सरळ केला. "तुम्ही बल्ब बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणालात, छान बसवलाय. जानेवारीपासून मला कोणी एवढं चांगलं खोटं बोललं नव्हतं."

मग मोहिनीनं नाक ओढलं. "वीज केंद्रात कामाला जाता, आणि एक बल्ब धड बसवता येत नाही..."

"नाहीच येत. म्हणून तर... तू येशील का घरी?"

"खोटं बोलणाऱ्या बाईला नेणार?"

"संसारात लागतंच की."

तिनं पदराऐवजी दुकानातल्या फडक्यानं डोळे पुसले आणि तोंडभर ग्रीस लागलं. त्यानं ते सांगितलं नाही. हे त्याचं पहिलं खोटं.

पुढच्याच आठवड्यात ती त्याच्या घरी गेली. गाडी अजून कुंदनच्या नावावर होती. ती जीवनच्या नावावर करायला मृत्यूचा दाखला लागणार होता. जीवनच्या आईनं, चतुराबाईंनी, कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि मोहिनीच्या मांडीवर ठेवली. "माझ्या भावानं आणून दिली तशीच हाय. आम्हा मायलेकाला उघडवली नाय. तूच बघ माय."

जीवन आत चहा टाकत होता. मोहिनीनं दाखला शोधून बाजूला ठेवला. त्याच्याखाली पोलिसांचा चार पानी पंचनामा होता. पहाटे पाचला घरून निघालेला कुंदन मधले दोन तास वाटेत कुठं रमला, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. बाकी सगळं व्यवस्थित होतं. ठिकाण, विंचूरच्या अलीकडे. ट्रॉली, कांद्याची, उभी. घटनेची वेळ, सकाळी सात पन्नास. सूर्यप्रकाश, भरपूर.